अकलोलीच्या वाटेवर

"काकी, अगं जरा दमानं! पिकनिकला चाललोय आपण, ड्युटीवर न्हाय!"

निशाची हाक मागून आली तेव्हा कुठे कमळच्या ध्यानात आलं, की नदी नाक्याचा पूल येईपर्यंत आपण या दोघींना पार मागे टाकलं आहे. तिनं ब्रेक दाबला, एक पाय कठड्याला टेकवला आणि मान वळवली. धुक्यातून आधी निशाची लाल कानटोपी दिसली, मग धापा टाकत येणारी सफिया. सफियानं मुलाचे, ताबिशचे, बूट घातले होते. ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळली होती आणि कॅरियरला डब्यांची पिशवी बांधली होती.

"काय कुत्रं लागलंय का तुझ्या मागं?" सफिया म्हणाली. "पिशवीत उकडलेली अंडी हायत माझ्या. चेंदामेंदा झाला तर तुलाच खायला घालीन."

कमळ हसली. हसल्यासारखं केलं, एवढंच. पुलाखाली कामवारीचं पाणी धुक्यानं झाकलं होतं, नुसता रंगाच्या कारखान्यांचा वास तेवढा वर येत होता. जानेवारीची सकाळ होती. रविवार, म्हणून कंटेनरची रांग रोजच्यासारखी लांबलचक नव्हती. एरवी अशा हवेत कमळला बरं वाटलं असतं.

तिघी मानकोलीच्या एका गोदामात एकाच टेबलावर उभ्या राहून काम करत. लोकांनी मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू खोक्यात भरायच्या, चिकटपट्टी मारायची आणि पुढे ढकलायच्या. कमळ आणि सफिया पन्नाशीच्या आसपास, निशा त्यांच्याहून बरीच लहान. नारपोलीहून शेअर रिक्षानं निघालं, की धामणकर नाक्याला अडकलंच. पगार कापला जायचा. एक दिवस सफिया ताबिशची सायकल घेऊन कामावर आली आणि सगळ्यांच्या आधी पोचली. मग कमळनं माळ्यावर पडलेली, लेकीला शाळेत असताना मिळालेली सायकल खाली उतरवली. निशा तर खेड्यातच वाढलेली, तिला सायकलची सवय होती. पहिले काही दिवस नाक्यावरचे रिक्षावाले शिट्ट्या मारत. त्यांच्यातच कमळचा नवरा केसरीनाथही रिक्षा लावून उभा असे. तो तोंड फिरवून घेई. पुढे सगळ्यांनाच सवय झाली.

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांचं खूळ सफियाचं. दिवसभर उभं राहून तिच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगत. "एकदा जाऊन त्या कढत पाण्यात पाय सोडून बसायचं, बस्स," असं ती दिवाळीपासून म्हणत होती. कमळ दर रविवारी काही ना काही सबब सांगायची. या गुरुवारी मात्र तिनं आपणहून विषय काढला होता, "येत्या रविवारी जाऊ या का?" सफिया इतकी खूश झाली, की पहाटे उठून तिनं तांदळाच्या रोट्या केल्या.

शेलार मागे पडलं, कवाड मागे पडलं. खड्डे चुकवत, ट्रकची धूळ खात तिघी चालल्या होत्या. धुकं विरत गेलं तशी दोन्ही बाजूंची शेतं दिसायला लागली. भात केव्हाच निघाला होता; मोकळ्या खाचरांत वालाचे वेल पसरले होते, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. निशा मोठ्यानं गात होती. सफिया तिला मधूनच शिव्या घालत होती, कारण चढावर गाणं ऐकून तिला हसू यायचं आणि दम तुटायचा. कमळला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती पायडल मारत होती आणि मनात एकच गोष्ट घोळवत होती: दार उघडल्यावर पहिलं काय बोलायचं.

अनगावला चहाला थांबल्या. निशानं वडापाव मागवले. कमळनं आपला वडापाव हातात धरला आणि तो गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"खा ना गो," सफिया म्हणाली. "बरं वाटत न्हाय का?"

"खाल्ला असता. भूकच न्हाय."

सफियानं तिच्याकडे निरखून पाहिलं.

अंबाडीच्या बऱ्याच अलीकडे एका वीटभट्टीपाशी उजवीकडे कच्चा रस्ता फुटतो. कमळनं तिथे सायकल वळवली.

"काकी! सरळ हाय अकलोली!"

कमळ थांबली. "तुम्ही दोघी जा," ती म्हणाली. "मी येते मागनं."

"मागनं म्हणजे कुठनं?"

"करंजपाड्याला जायचंय मना. पूर्वीकडं."

मग तिथेच, भट्टीच्या धुरात उभ्याउभ्या, तिनं सगळं सांगितलं. पूर्वी तिची एकुलती एक लेक. करंजपाड्याच्या भाविकला दिली होती. घर चांगलं, जमीन विकून बांधलेलं. पोरगा बोलायला गोड. गेल्या पावसाळ्यात कमळ तिच्याकडे गेली तेव्हा लेकीच्या मानेवर काळानिळा वळ दिसला. "हे काय गो?" असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं. त्यानंतर जावयानं केसरीनाथला फोन करून सांगितलं, की सासूबाईंनी येत जाऊ नये, घरात कटकटी होतात. दिवाळीत पूर्वी एकटीच माहेरी आली, तान्ह्या पोरीला सासूनं ठेवून घेतलं होतं म्हणून रडत आली. कमळ तेव्हा कामावर होती. ती घरी पोचायच्या आत केसरीनाथनं पोरीला रिक्षात बसवून सासरी परत नेऊन सोडलं. तिनं खाल्लेली ताटली मोरीत तशीच पडली होती. आता पंधरा दिवस पूर्वीचा फोन बंद होता. भाविकला लावला, की तो म्हणे, झोपलीय. कधीही लावा, झोपलीय.

"काकांना सांगितलं न्हाय?" निशानं विचारलं.

"सांगितलं. ते म्हणतात, सारखं सारखं लेकीच्या दारात गेलं तर संसार मोडतो. मना शपथ घातलीय. म्हणून पिकनिक म्हणून निघाले."

"म्हणजे पिकनिक न्हवतीच," सफिया म्हणाली.

"न्हवती."

"मी पहाटेला उठून रोट्या केल्या गो."

कमळ खाली मान घालून उभी राहिली. भट्टीवरची एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून या तिघींकडे बघत होती. सफियानं ओढणीनं तोंड पुसलं, सायकल उचलून कच्च्या रस्त्याकडे वळवली आणि म्हणाली, "मग चल ना. उभी काय राहिलीस?"

"पोलिसात जाऊ या आधी," निशा म्हणाली.

"पोलीस येतील नि जातील," कमळ म्हणाली. "रात्री तिच्याजवळ कोण असंल?"

निशानं सायकल कच्च्या रस्त्याला घातली.

पाडा छोटासा होता. पहिल्या घरांच्या अलीकडे आंब्याच्या झाडाखाली सफियानं त्यांना थांबवलं. "तुला बघितलं, की दार लावून घेतील," ती म्हणाली. "मला कोण ओळखतंय? लग्नात शेकड्यांनी माणसं होती. मी पाणी मागून येते." तिनं बाटलीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि रिकामी बाटली घेऊन ती एकटीच पुढे गेली.

कमळला उभं राहवेना आणि बसवेनाही. झाडाला मोहोर फुटला होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या. तो आवाज तिला असह्य झाला. पूर्वी त्या घरात नसलीच तर? तिच्या मनात त्यापुढचाही विचार आला. तिनं तो जिभेवर येऊ दिला नाही, पण झाडाला धरून ती वाकली. निशानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

सफिया परत आली. बाटली काठोकाठ भरलेली होती, पण ती पाणी प्यायली नव्हती.

"हाय," ती म्हणाली. "आत चुलीपाशी बसलीय. हात गळ्यात बांधलाय. मला ओळखलं तिनं. डोळे खाली घातले, बोलली न्हाय. सासू चांगली बोलली हां माझ्याशी. उन्हाचं कुठं फिरतेस गो बाय, म्हणाली." मग तिनं कमळचा दंड धरला. "ऐक. तिचं तोंड बघून रडू नकोस. रडायचं तर इथं रडून घे."

कमळला रडूच येत नव्हतं.

भाविकच्या घराला गुलाबी रंग होता आणि पुढे फरशीचा ओटा. ओट्यावर सासरा, सावळाराम, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सुपात वाल सोलत होता. दारात सासू उभी होती. तिला सगळा पाडा आक्का म्हणायचा. तिच्या कडेवर पूर्वीची पोर होती, चिऊ. पोर केवढी वाढली होती! कमळनं तिला पाहिलं होतं तेव्हा तिला बसताही येत नव्हतं.

"रामराम, विहीणबाय."

आक्काचा चेहरा क्षणात बदलला. "तुमी? सांगून तरी यायाचा."

"फोन लागत न्हाय पूर्वीचा. म्हणून सायकलनं आले."

"फोन पान्यात परला तिचा."

"आणि हात?"

आक्कानं कमळच्या मागे उभ्या असलेल्या सफियाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. "मोरीत परली," ती म्हणाली. "गावचेच मानसानी बांधलाय हात. बरा व्हतंय."

"आये?" आतून आवाज आला.

तो आवाज ऐकल्यावर कमळ ओटा चढली, आक्काच्या बाजूनं अंग चोरून आत घुसली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. पूर्वी भिंतीला टेकून बसली होती. हाताला बांबूच्या पट्ट्या लावून वर साडीची चिंधी गुंडाळली होती. चिंधीतून बाहेर आलेली बोटं सुजून निळसर झाली होती. एका डोळ्याखालचा डाग पिवळा पडत आला होता, म्हणजे तो जुना होता. केस कित्येक दिवसांत विंचरलेले नव्हते. एका हातानं ती कशी विंचरणार?

"चल," कमळ म्हणाली.

"कुठं?"

"घरी."

"बाबा परत आणून सोडतील."

"न्हाय सोडणार. मी हाय ना."

पूर्वीनं तिच्याकडे पाहिलं. "तेव्हा तू न्हवतीस," एवढंच ती म्हणाली. त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते कमळला जास्त लागलं. तिनं लेकीच्या बगलेत हात घालून तिला उठवलं. पूर्वी हलकी लागली, पाखरासारखी.

दोघी ओट्यावर आल्या तोवर कुणीतरी निरोप पोचवला होता. भाविक मोटारसायकल लावत होता. शेजारपाजारची माणसं कुडांपाशी येऊन थांबली होती. भाविकनं किल्ली काढली, खिशात टाकली आणि हात जोडले.

"आई, तुम्ही कशाला त्रास घेतलात एवढा? सांगितलं असतं तर मीच घेऊन आलो असतो तिला." तो अगदी हळू, अदबीनं बोलत होता. "न्यायचीय? न्या की. चार दिवस राहील माहेरी, बरं वाटंल तिला. पोर मात्र इथंच राहील. पोर आमची हाय."

"अंगावर पिते ती," निशा पुढे होऊन म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी कोणी असंन. अंगावर पिणारी पोर आईपासून तोडता?"

"वरचं दूध पाजू," भाविक म्हणाला. आक्कानं चिऊला छातीशी आणखी घट्ट धरलं.

कमळनं पूर्वीचा चांगला हात धरला आणि ती पायऱ्या उतरली. पूर्वी तिच्याबरोबर चालू लागली. अनवाणीच, मागे न बघता, झोपेत चालल्यासारखी. एका बाजूला निशा, एका बाजूला सफिया. आंब्याच्या झाडापर्यंत पोचल्या. सायकली तिथेच होत्या. निशानं आपल्या सायकलचं कॅरियर हातानं पुसलं. आणि मागे चिऊ रडायला लागली.

आधी ती कुरकुरली. मग तिनं असा काही टाहो फोडला, की पूर्वी जागच्या जागी थांबली. तिच्या पोलक्याच्या पुढे दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरले.

"पूर्वी, चल," कमळ म्हणाली. "आपण वकील करू. पोर मिळंल तुला. कायदा हाय."

"कधी मिळंल?"

कमळनं तिचा हात आणखी घट्ट धरला.

"आये, सोड हात."

"पूर्वी..."

"सोड, दुखतंय."

ते खोटं होतं. कमळनं धरला होता तो चांगला हात. पण दुखतंय हा शब्द ऐकल्यावर तिची बोटं आपोआप सुटली. पूर्वी वळली आणि आलेल्या वाटेनं भराभर चालत गेली. आक्कानं पोर लगेच तिच्याकडे दिली. इतक्या लगेच दिली, की ती नेमकी कशासाठी धरून ठेवली होती, ते तिथल्या लहान पोरालाही कळावं. पूर्वीनं चिऊला एका हातावर सावरलं आणि सगळ्यांकडे पाठ करून ती ओट्यावर बसली.

"बघितलंत?" भाविक जमलेल्या लोकांकडे बघत म्हणाला. "तिलाच जायचं न्हाय. उगाच आमचं नाव घेतात."

कमळला नंतर कधी नीट आठवलं नाही, की ती झाडापासून ओट्यापर्यंत कशी पोचली. एवढंच आठवलं, की ती खाली बसली, मातीतच, आणि तिनं जावयाचे पाय धरले. दोन्ही हातांनी धरले आणि कपाळ त्याच्या चपलांवर टेकवलं.

"सोडा माझ्या लेकीला," ती म्हणाली. "काय चुकलं असंल तर मना मारा. दोघींना द्या मना. पाया परते, देवा, पाया परते."

"आई, उठा. हे काय!" भाविक मागे सरकला. कमळ गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. तो पुन्हा मागे सरकला आणि कुडापाशी उभ्या असलेल्या माणसांकडे बघून हसला. बारीकसंच हसला, बायकांचं काय मनावर घ्यायचं, अशा अर्थानं. त्यातला एकजण हसला. बाकीचे नाही हसले.

"कमळ, ऊठ," सफिया म्हणाली. "अल्लासाठी ऊठ."

कमळ उठली. गुडघ्यांना माती लागली होती, ती तिनं झटकली नाही. तिनं आयुष्यात कुणाचे असे पाय धरले नव्हते. धरून झाले, काही झालं नाही. आता करण्यासारखं काय उरलं? पोरीला ओढून नेता येत नव्हतं. तिला इथे टाकून परत जायचं, उद्या टेबलापाशी उभं राहून खोकी भरायची, आणि भाविकच्या तोंडून ऐकायचं, की झोपलीय. ते काही होणार नव्हतं. हे मात्र तिला लख्ख कळलं.

तिनं बूट काढले. ओट्याच्या कडेला पिंप होतं, त्यातून तांब्या भरला आणि पाय धुतले. मग आणखी एक तांब्या भरून ती घटाघटा पाणी प्यायली. तिची आई जन्मभर लेकीच्या घरचं पाणी प्यायली नव्हती; उंबऱ्याबाहेर बसून, विचारपूस करून, तहानलेली परत जायची. कमळही आजवर तशीच वागली होती.

"विहीणबाय," ती म्हणाली, "पीठ कुठं ठेवलंय?"

आक्काला काही समजेना. "कसला पीठ?"

"तांदळाचं. पोरीचा हात मोडलाय, तुमचं वय झालं. भाकऱ्या कोण थापतंय घरात? हात बरा होईपर्यंत मी राहते."

"असं राहता न्हाय येत," भाविक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला.

"का न्हाय? लेकीच्या दुखण्याला आई येते. उद्या तिला अंबाडीला दवाखान्यात दाखवीन. फोटो काढून, पलस्तर घालून इथंच परत आणीन. पोरही आमच्याबरोबर येईल नि परत येईल. तुमचं काय न्यायला आले न्हाय मी." तिनं श्वास घेतला. "नको असंल तर हात धरून बाहेर काढा मना. सगळा पाडा हाय बघायला."

निशानं मोबाइल वर धरला होता. आधी तो पूर्वीच्या हातावर होता, मग तिनं तो भाविकच्या चेहऱ्यावर स्थिर केला. भाविकनं आईकडे पाहिलं. आक्कानं नवऱ्याकडे पाहिलं. सावळाराम एवढा वेळ खुर्चीतून उठला नव्हता, सुपावरून मान वर केली नव्हती. वाल सोलून केव्हाच संपले होते आणि तो नुसताच सालांमध्ये बोटं फिरवत बसला होता.

"पीठ पत्र्याचे डब्यान हाय," तो म्हणाला. "खिडकीचे खाली."

भाविकनं मोटारसायकलला किक मारली. ती सुरू व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ सगळा पाडा त्याच्याकडे बघत राहिला. मग तो धूळ उडवत निघून गेला.

दुपार कलल्यावर निशा आणि सफिया निघाल्या. कमळ त्यांना पोचवायला आंब्यापर्यंत आली. तिच्या मनगटांना पीठ लागलं होतं.

"कामावर काय सांगू?" निशानं विचारलं.

"आजारी हाय सांग."

"किती दिवस?"

"काय माहीत."

"काढून टाकतील, काकी."

"काढू दे."

निशानं डोळे पुसले आणि मग एकदम कामाचं बोलू लागली, टेबलावर बोलायची तशी. मोबाइलवर काढलेले फोटो तिनं घरी पाठवून ठेवले होते. आपल्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या, त्यांना ती संध्याकाळीच गाठणार होती. आणि कमळनं रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. आला नाही, तर आपण सरळ पोलीस घेऊनच येऊ. "हे मी त्या म्हातारीला पण सांगितलंय," ती म्हणाली.

सफियानं डब्यांची पिशवी कमळच्या हातात दिली. "ताबिशला पाठवते एक दिवसाआड. औषध-पाणी काय लागलं तर सांग." ती सायकलवर बसली, पुन्हा उतरली. "तुझी सायकल?"

"राहू दे. उद्या तिला मागं बसवून न्यायला लागंल."

"भीती न्हाय वाटत?"

"वाटते ना," कमळ म्हणाली. "लय वाटते."

त्या दोघी वीटभट्टीच्या दिशेनं दिसेनाशा होईपर्यंत ती उभी राहिली. त्या गेल्यावर तिला इतकं एकटं वाटलं, की तीही धावत त्यांच्या मागे गेली असती. मग तिनं केसरीनाथला फोन लावला. रिक्षाचा आवाज येत होता. नाक्यावरचा गोंधळ ऐकू येत होता.

"पोचल्या का गं कुंडावर?" त्यानं विचारलं.

"मी पूर्वीकडं हाय. राहणार हाय हिकडंच."

"शपथ घातली होती तुला."

"मोडली. हात मोडलाय तिचा. तुम्ही सोडून गेलात त्याच घरात मोडलाय."

"अगं, पण राहायचं म्हणजे? लोक काय बोलतील? लेकीच्या घरचं पानी पीत न्हाय आपण..."

"प्यायले," कमळ म्हणाली. "दोन तांबे प्यायले."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंच ठेवला.

संध्याकाळी थंडी उतरायला लागली. कमळनं भाकऱ्या केल्या, सोललेल्या वालांचं कालवण केलं. आक्का दाराशी बसून तिच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवून होती. एकदा तिनं मिठाचा डबा पुढे सरकवला. कामं आटोपल्यावर कमळनं खोबरेल तेलाची बाटली आणि कंगवा घेतला आणि पूर्वीला ओट्यावर आणून पायरीवर बसवलं. आत नाही, बाहेर. चिऊ पूर्वीच्या मांडीवर झोपली होती.

केसांची पार जट झाली होती. कंगवा वरून घातला तो जागच्या जागी अडकला. कमळनं तो काढला, बोटांवर तेल घेतलं आणि खालून, टोकाकडून सुरुवात केली. एकेक गुंता ती सोडवत होती. ओढ बसली, की पूर्वी डोळे मिटायची, पण हूं की चूं करत नव्हती. शेतावरून परतणारी माणसं वालाचे भारे घेऊन समोरून जात होती. हंडे घेतलेल्या दोन बाया थबकल्या.

"कोन गो ती?" एकीनं हळूच विचारलं.

"आये हाय तिची. ऱ्हायाला आलीय."

त्या पुढे गेल्या. समोरच्या घरात दिवा लागला. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलचा आवाज आला. पूर्वीचे खांदे एकदम ताठ झाले आणि ती उठायला लागली.

कमळनं तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"हलू नको," ती म्हणाली. "गुंता सुटत आलाय." आणि तिनं पुढच्या बटेत कंगवा घातला.